अनुभव दांडगा, तरी सराव परीक्षेत निम्मेच गुण

‘पंधरा वर्षं प्रोजेक्ट सांभाळतेय, क्लास झाला, पुस्तक दोनदा वाचून झालं, तरी सराव परीक्षेत पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या वर गाडी सरकत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?’ पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, या परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. नवखी मुलं तो क्वचित विचारतात. विचारतात ते ज्यांनी खरोखर कामं उभी केली आहेत तेच.

चाकणला काम करणाऱ्या एका बाईंची २०२३मधली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. बाई सांगली जिल्ह्यातल्या, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नवी लाइन बसवायची, एका शेडमधली यंत्रं दुसऱ्या शेडमध्ये हलवायची, ग्राहकाच्या ऑडिटआधी सगळं चालू करून दाखवायचं, हे त्यांचं रोजचं काम. विभागातल्या दोन ज्युनिअर मुलांनी पहिल्या फटक्यात परीक्षा काढली होती. बाई मात्र तारीख घ्यायच्या आणि पुढे ढकलायच्या.

माझ्याकडे आल्या त्याच मुळी अपात्र ठरण्याची भीती घेऊन. ‘मॅडम, डिप्लोमा चालतो ना हो? मधेच बाद नाही ना करणार?’ चालतो. परीक्षा घेणाऱ्या पीएमआय या अमेरिकी संस्थेची तेव्हाची अट अशी होती: चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव, नसेल तर ६० महिन्यांचा, आणि दोन्ही बाबतीत ३५ तासांचं प्रशिक्षण. काही अर्ज पडताळणीसाठी काढले जातात, मग ९० दिवसांत अनुभवाचे कागद सह्यांसकट द्यावे लागतात. बाईंचे जुने साहेब निवृत्त होऊन गावी गेले होते. अर्ज भरण्याआधी मी त्यांना साहेबांना एक फोन करायला लावला. साहेब म्हणाले, ‘अगं, कधीही पाठव, करतो सही.’ निम्मी धास्ती त्या फोननेच गेली. (संस्था अटी आणि परीक्षेचा आराखडा अधूनमधून बदलते. अर्ज करताना तिच्या संकेतस्थळावर बघा, ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डवर जाऊ नका.)

खरा गुंता गुणांचा होता. मी त्यांना म्हटलं, चुकलेले प्रश्न घेऊन या, आपण एकेक उघडून बघू. एक प्रश्न साधारण असा होता: टीममधला एक जण सलग दोनदा काम उशिरा देतो, बाकीचे कुरकुर करतात. प्रकल्प व्यवस्थापकाने आधी काय करावं? वरिष्ठांकडून माणूस बदलून घ्यावा, त्याचं काम दुसऱ्याकडे द्यावं, त्याच्याशी एकांतात बोलून कारण समजून घ्यावं, की बैठकीत विषय काढावा? बाईंनी दुसऱ्या पर्यायावर खूण केली होती.

‘का?’

‘का म्हणजे? शुक्रवारी माल निघायचा असतो. त्याचं रडगाणं ऐकत बसू की डिस्पॅच बघू?’

कारखान्यात हे उत्तर चुकीचं नाही. पण प्रश्नात शुक्रवार कुठेच नव्हता, तो बाईंनी घरून आणला होता. परीक्षेला अपेक्षित माणूस आधी कारण शोधतो, माणसाशी समोरासमोर बोलतो, आपल्या हातात आहे ते करून बघतो आणि मगच वर जातो. ग्राहकाने छोटासा बदल सांगितला की बाई ‘करून टाकू, कागद नंतर’ हेच उत्तर निवडायच्या. तिथे आधी वेळ, खर्च आणि जोखमीवर काय परिणाम होईल ते तपासायचं असतं, मग बदलाची रीतसर मागणी. आणि ॲजाइल पद्धतीचा, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत करून दाखवत पुढे जाणारा, प्रकल्प असेल तर नवं काम कुठल्या क्रमाने घ्यायचं हे प्रॉडक्ट ओनर, म्हणजे उत्पादनात काय हवं ते बघणारा माणूस, ठरवतो. जानेवारी २०२१पासूनच्या आराखड्यात जवळपास निम्मे प्रश्न ॲजाइल किंवा मिश्र पद्धतीचे होते आणि ४२ टक्के प्रश्न निव्वळ माणसं सांभाळण्यावर. यंत्रं हलवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतोच.

मग आम्ही एक वही केली. बरोबर उत्तर तीत लिहायचंच नाही. मी चुकीचं उत्तर का निवडलं, तेवढंच एका ओळीत लिहायचं. ‘घाई होती असं धरलं.’ ‘साहेबांना न विचारता केलं तर ओरडा बसेल असं वाटलं.’ ‘आमच्याकडे असंच करतात.’ पंधरवड्यात शेवटचं वाक्य पानापानावर दिसू लागलं. बाई स्वतःच हसल्या. त्यानंतर पुस्तक तिसऱ्यांदा वाचायचा विषय त्यांनीच सोडून दिला. अनुभवी माणसाने पुन्हा पुन्हा पुस्तक वाचणं हा मला वेळकाढूपणाच वाटतो.

दुसरी अडचण इंग्रजीची. ती त्यांनी फार उशिरा सांगितली, तीही खाली मान घालून. मराठीत ही परीक्षा नाही. तेव्हा १८० प्रश्न, २३० मिनिटं असायची, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून जरा जास्त, आणि प्रश्न म्हणजे चार-पाच ओळींची गोष्ट. बाई पहिल्या शब्दापासून मनात भाषांतर करत वाचायच्या आणि पर्यायांपर्यंत पोचेपर्यंत दमायच्या. मी सांगितलं, शेवटची ओळ आधी वाचा: आधी काय करावं विचारलंय, पुढे काय, की काय करायला हवं होतं? मग पर्याय, मग वरची गोष्ट. सरावही बाई मोबाइलवर, कुकरच्या शिट्ट्या मोजत, दहा-वीस प्रश्नांचा करायच्या. रविवारी सकाळी नवरा मुलांना घेऊन बाहेर पडला की टेबलाशी बसून सलग ६० प्रश्न सोडवायचे, असं ठरलं. तेव्हा परीक्षेत दर ६० प्रश्नांनंतर १० मिनिटांची सुट्टी असायची आणि सुट्टी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता यायचं नाही. ही सवय आधीच लागलेली बरी.

तरी तारीख घेताना हात आखडायचाच. एके दिवशी मी सरळ विचारलं, ‘नापास झालात तर सगळ्यात आधी कोण आठवेल?’ त्यांनी त्या दोन मुलांची नावं घेतली. त्या पोरांच्या पुढ्यात पडायचं नव्हतं. यावर माझ्याकडे गोड उपाय नव्हता. तारीख ऑफिसात कुणाला सांगायची नाही, इतकंच ठरलं. अर्ज मंजूर झाला की वर्षभरात तीनदा परीक्षा देता येते, हेही कागदावर लिहून दिलं. आणि किती टक्क्यांना पास हे संस्था जाहीरच करत नाही. त्यामुळे ‘सरावात पंचाहत्तर आल्याशिवाय बसू नका’ हे ग्रुपवरचं ज्ञान कुणाचं तरी अनुमान असतं. त्याच ग्रुपवर कुणीतरी ‘खरे प्रश्न’ विकत होता. बाईंना मोह झाला होता. सापडलं तर प्रमाणपत्रच जाईल म्हटल्यावर त्यांनी ग्रुप सोडला.

सरावात अडुसष्ट टक्क्यांवर असताना त्या पुण्यातल्या केंद्रावर बसल्या आणि पास झाल्या. निकालात परीक्षेच्या तीन भागांपैकी माणसं या भागात अपेक्षेपेक्षा वरचा शेरा, प्रक्रियांमध्ये अपेक्षेइतका, व्यवसायाच्या भागात खालचा. ‘माणसांत वर कशी आले हो मी?’ म्हणून फोनवर हसत होत्या. पगार लगेच वाढला नाही, तशी आशाही मी दाखवली नव्हती. आता तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे शिक्षणाचे आणि योगदानाचे गुण, जमवायचे आहेत. परवा विचारत होत्या, कारखान्यातल्या पोरांना नियोजन शिकवलं तर ते धरतात का. विषय प्रकल्प व्यवस्थापनाचा असेल आणि नोंद नीट ठेवली तर धरतात, म्हटलं. पहिल्या तुकडीत ती दोन मुलंही आहेत.