‘अ‍ॅक्रोनिम’ आणि आपला चौरस

प्रश्न असा: वेबपानावर ‘एसटी’, ‘इस्रो’, ‘मु. पो.’ यांना ‘अ‍ॅब्रिव्हिएशन’चा, म्हणजे संक्षेपाचा, टॅग (शब्दाला लावायची खूण) लावायचा की ‘अ‍ॅक्रोनिम’चा?

टॅगचं उत्तर सोपं. वेबपानं लिहायच्या भाषेत, एचटीएमएल ४ मध्ये (१९९७), दोन्ही होते. कोणता कुठे लावायचा यावरून एवढा घोळ झाला की एचटीएमएल ५ ने (२०१४) ‘अ‍ॅक्रोनिम’ला रजाच दिली. सगळीकडे ‘एबीबीआर’ (संक्षेपाचा टॅग) लावा, पूर्ण रूप त्या टॅगच्या ‘टायटल’मध्ये घाला. मोबाइलवर बोट टेकवून ते सहसा दिसत नाही, म्हणून पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव लिहिलेलंच बरं.

आद्याक्षरं जोडून झालेला ‘इस्रो’ आपण अखंड शब्द म्हणून उच्चारतो, तो खरा अ‍ॅक्रोनिम. बाकीच्यांना उगाच तो मान देऊ नका. आता मजा पाहा. ग्रीक ‘आक्रोस’ म्हणजे टोक, ‘ओनोमा’ म्हणजे नाव. ओनोमा आणि आपलं ‘नाम’ सख्खी भावंडं, हे सगळे सांगतात. पण पुढे जाऊन ‘आक्रोस म्हणजे आपला अग्र’ असं जे विद्वान ठोकून देतात, त्यांना कान पुरतो, व्युत्पत्ती लागत नाही. आक्रोसचं संस्कृत नातं ‘अश्रि’शी आहे, अश्रि म्हणजे धार, कोपरा. चार अश्रि ज्याला तो चतुरश्र, आणि त्याचाच झिजून झालेला आपला चौरस! अंगणात चौरस आखणाऱ्या पोराला कुठे माहीत की तो अ‍ॅक्रोनिमचा चुलतभाऊ आखतोय.

याउलट ‘न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ’ हा फुलफॉर्म दर महिन्याला कुणीतरी मला पाठवतंच. अहो, ‘न्यू’चं ते अनेकवचन, नव्या गोष्टी! प्रत्येक शब्दाच्या पोटात फुलफॉर्म नसतो.

मराठी संक्षेपांची तऱ्हा आणखी वेगळी. आपण सुटा वर्ण नाही, मात्रेसकट अख्खं अक्षर उचलतो. म्हणून ‘पक्ष’ धरला तर ‘भाजप’ आणि ‘पार्टी’ धरली तर ‘भाजपा’. दोन्ही बरोबर, भांडू नका.

हां, ‘एसटी’ राहिलीच. देवनागरीत अक्षरांची नावंच लिहिलेली असल्याने वाचून दाखवणारं यंत्र तिथे अडत नाही. पण ‘एसटी आरक्षण’ लिहाल तिथे टॅग विसरू नका; वाचणारा लाल डब्याचं तिकीट शोधतोय की अनुसूचित जमातींच्या जागा, हे दुसरं कुणी सांगणार नाही.