पाऊण मुलांना घेतात, मग सिलेक्टिव्ह कसलं?

प्रश्न : ताई, आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. मुलीला सेंट मेरीज कॉलेज ऑफ मेरीलँडला अर्ज करायचाय. सरकारी आहे, ऑनर्स कॉलेज म्हणजे हुशार मुलांसाठीचं कॉलेज म्हणवतं, पण नवरा म्हणतो की अर्ज केला की घेतातच, मग कसलं ऑनर्स? खरं काय?

उत्तर : दोघंही थोडे थोडे बरोबर आहात. ऑनर्स हे बिरुद कॉलेजने स्वतःच लावून घेतलेलं नाही हो, राज्याने 1992 मध्ये दिलंय. आणि हो, अलीकडे अर्ज करणाऱ्यांतल्या साधारण पाऊण मुलांना ते घेतात, तर विल्यम्ससारखी नावाजलेली खाजगी लिबरल आर्ट्स कॉलेजं (मुख्यतः पदवीपर्यंतचं, सर्व विषयांचं शिक्षण देणारी छोटी कॉलेजं) दहातल्या एकालाही घेत नाहीत. पण हा आकडा नुसता बघून काही कळत नाही, कारण विल्यम्सला जगभरातून अर्जांचा पाऊस पडतो आणि इथे नदीकाठच्या गावातल्या जेमतेम दीड-दोन हजार मुलांच्या कॉलेजला मुळात ज्याला छोटे वर्ग हवेत, प्रोफेसरने नावाने ओळखावं असं वाटतं तोच अर्ज करतो, म्हणजे अर्धी चाळणी तिथेच लागून जाते.

नवऱ्यांना म्हणावं, टक्केवारी सोडा, मागच्या वर्षी प्रत्यक्ष ॲडमिशन घेतलेल्या मुलांचा जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी बघा. आणि पहिल्या वर्षानंतर किती टिकतात, चार वर्षांत किती पदवी घेतात तेही. कॉमन डेटा सेट म्हणून कॉलेजं जे कागद काढतात त्यात हे सगळं सापडतं. शिवाय मुलगी राज्यातलीच असल्याने बाहेरच्यांपेक्षा फी केवढी कमी पडते! मला तर आधी तेच दिसलं असतं.