'स्त्रीधन' म्हणजे फक्त दागिने का?

प्रश्न असा आला आहे: 'आईमागे तिची जमीन माझ्या नावावर लागली. घरचे म्हणतात, हे काही स्त्रीधन नव्हे, स्त्रीधन म्हणजे लग्नातलं सोनंनाणं. शब्दाचा अर्थ एवढाच आहे का?'

बोलण्यात आज तेवढाच उरला आहे. पण नेमक्या याच शंकेवर नऊशे वर्षांपूर्वी एकाने व्याकरणाच्या आधाराने निकाल दिला होता.

मनूने स्त्रीधनाचे सहा प्रकार मोजले: लग्नहोमापुढे मिळालेलं, सासरी जाताना मिळालेलं, प्रेमाने दिलेलं, शिवाय आई, बाप आणि भावाने दिलेलं. म्हणजे सगळं कुणीतरी 'दिलेलं'. याज्ञवल्क्याच्या यादीत 'आधिवेदनिक' येतं, म्हणजे नवऱ्याने दुसरी बायको करताना पहिलीला द्यायचं धन. (सवतीची भरपाई! याला मराठीत सुटसुटीत शब्द नाही, आणि नाही तेच बरं.) पण त्याने लिहिलंय 'आधिवेदनिकाद्यं'. त्या 'आद्य'चा अर्थ 'इत्यादी', आणि ते इत्यादीच याज्ञवल्क्याच्या स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने पकडलं. त्याचं म्हणणं: वारशाने, खरेदीने, वाटणीत मिळालेलंही त्यात घाला, कारण स्त्रीधन हा शब्द 'यौगिक' (घटकांवरून अर्थ लागणारा) आहे, 'पारिभाषिक' (शास्त्राने ठरावीक अर्थ दिलेला) नाही. पाचक म्हणजे पचवणारं, तसं स्त्रीधन म्हणजे स्त्रीचं धन. साधा षष्ठी तत्पुरुष!

पुढे मूळच्या पैठणच्या घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी 'व्यवहारमयूख' या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात पारिभाषिक आणि इतर असा भेद केला, पण तो मुख्यतः बाईमागे ते कुणाकडे जावं, एवढ्यासाठी. इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, विज्ञानेश्वराचा अर्थ मानला नाही. वारशाने आलेलं ते स्त्रीधन नव्हे, असं ठरलं. अपवाद मुंबई इलाख्याचा: तिथे मुलीला बापाचा वारसा पूर्ण मालकीने मिळे, विधवेला मात्र नवऱ्याचा वारसा हयातीपुरता.

1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14ने ती मर्यादित मालकी पूर्ण केली. त्यामुळे तुमच्या जमिनीला स्त्रीधन म्हणा न म्हणा, मालकीत फरक पडत नाही. शब्द म्हणून विचाराल तर मी विज्ञानेश्वराच्या बाजूने आहे.

एक मात्र बघा: सातबारा पुढे करून कुणी 'हक्कसोड' म्हणालं, तर त्या शब्दात 'हक्क' आधी येतो.