छत उचलणारी जुनी कॅम्पर व्हॅन: आधी पाणी, मग सुतारकाम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८०च्या दशकातली फोक्सवॅगन टी-३, मागे वॉटर-कूल्ड इंजिन, वर गॅस स्ट्रटवर, म्हणजे दाबाखालचा वायू भरलेल्या नळ्यांवर, उचललं जाणारं फायबरचं छत. गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. छताच्या कापडावर काळे डाग पडलेत, पाऊस आला की पुढच्या कोपऱ्यातून पाणी टपकतं, बॉडीच्या जोडांवर गंज फुगलाय, छत वर टिकत नाही आणि फ्रीज बंद आहे. एवढं सगळं लिहून शेवटी तुम्ही विचारलंयत की नव्या गाद्या आणि नवा ओटा कुठल्या प्लायचा करू.

ऑर्डर दिली नसेल तर देऊ नका. आत पाणी येतंय तोवर कुठलाही प्लाय सारखाच. मरीन प्लायसुद्धा. लोक जुन्या कॅम्परचं आतलं काम आधी करतात कारण ते दिसतं, फोटो छान येतात. मग वर्षाच्या आत तोच ओटा काढावा लागतो, कारण त्याच्यामागचा पत्रा सडत असतो. जुनी कॅम्पर दुरुस्त करणं म्हणजे मुख्यतः पाण्याचा माग काढणं. बाकीचं त्यानंतर.

त्याआधी एकच काम: "एकदा स्टार्ट करून बघू" म्हणणाऱ्या मित्राच्या हातून चावी काढून घ्या. उभ्या गाडीतले पेट्रोलचे रबरी पाइप बाहेरून ठीक दिसतात. दोन बोटांत धरून वाकवा, वळणाच्या बाहेरच्या बाजूला बारीक भेगा उघडतील. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर आणखी लवकर खराब होतं. इंजिन मागे, टाकी पुढे, म्हणजे पाइप गाडीभर लांब. गळणारं पेट्रोल गरम इंजिनावर पडलं तर काय होतं ते सांगायला नको. टाकीपासून इंजिनापर्यंतचं सगळं रबर बदला, क्लॅम्पही नवे घ्या. टी-३मध्ये टाकीच्या वरच्या श्वासनळ्यांचे रबरी सीलही कडक होतात. टाकी काठोकाठ भरली की मगच तिथून गळतं, म्हणून अर्ध्या टाकीवर ते कधी लक्षात येत नाही. टाकी खाली काढणारच असाल तर ते सील त्याच वेळी बदला, दोनदा तेच काम करू नका.

ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, ते पूर्ण बदला. रबरी ब्रेक होज आतून फुगून बंद होतात, मग पाय उचलला तरी चाक धरून राहतं. तेही नवे घाला. टायरची नक्षी बघू नका, तारीख बघा: बाजूवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३४१२ म्हणजे २०१२ सालचा ३४वा आठवडा. आणि नवे घेताना भार पेलणारे, 'सी' लिहिलेले व्यापारी गाड्यांचे टायर घ्या. साध्या कारचे नकोत.

कूलंट मात्र जपून निवडा. या इंजिनाच्या हेडची कड कूलंटने खाल्ली जाते, हे या गाड्यांचं जुनंच दुखणं आहे. फॉस्फेट नसलेलं कूलंट, शुद्ध पाण्यात मिसळून, आणि ठरल्या वेळी बदलायचं. नळाचं पाणी ओतून काम भागवलेलं इंजिन असेल तर सिलिंडर आणि हेडच्या मधल्या रबरी सीलपाशी पांढरट डाग किंवा ओल दिसते. रेडिएटर पुढे असल्यामुळे नव्याने भरताना हवा अडकते. गाडीचं नाक वर करा, रेडिएटरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि तिथून बुडबुड्यांविना पाणी येईपर्यंत घाई करू नका.

आता पाणी.

आधी ठरवा की ते बाहेरून येतंय की आतच तयार होतंय. रात्री दोघं झोपले आणि सकाळी छताच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे थेंब दिसले, तर तो श्वासातला दमटपणा. खिडकी थोडी उघडी ठेवली की भागतं. एकाच रेषेत, एकाच कोपऱ्यात ओल असेल तर गळती. तुमची दुसऱ्या प्रकारची आहे.

शोधायची पद्धत अशी. आतलं अस्तर जमेल तेवढं काढा, सगळं कोरडं करा, संशयाच्या जागी टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसेल. दुसरा बाहेरून साधा पाइप धरेल, नोझल नको, नुसतं वाहतं पाणी. खालून सुरुवात करा: आधी काचेची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग पन्हळ, सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटं थांबा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. आत जिथे थेंब पडतो तिथे भोक नसतं, हे धरूनच चाला. पाणी पत्र्याच्या आतल्या घडीतून हातभर लांब जाऊन मग टपकतं.

तुमच्या पुढच्या कोपऱ्याबद्दल माझा पहिला संशय छतावर नाही, कापडाच्या घडीवर आहे. छत बंद करताना कापड आत ओढलं गेलं नाही तर त्याची कड छत आणि बॉडीच्या मधल्या रबरावर अडकते. बंद गाडीत कापडाचा बोटभर तुकडा बाहेर राहिला तरी पुरतो: पावसाचं पाणी त्या धाग्यांतून दिव्याच्या वातीसारखं आत चढतं. म्हणून कापडाच्या मधोमध आतून एक इलॅस्टिक असतं, छत खाली येताना कापड आत खेचण्यासाठी. ते इतक्या वर्षांत नक्की ढिलं झालं असणार. बदलायला फार वेळ लागत नाही. तोवर छत खाली घेताना एक दार किंवा खिडकी उघडी ठेवा. आतली हवा कापडाला बाहेर फुगवते, तिला वाट द्या.

तसं नसेल तर कापडाची खालची कड धरणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढून बघा. तिच्याखाली पोलादी पत्र्यात स्क्रू बसवलेले असतात. अ‍ॅल्युमिनियम, पोलाद आणि ओल एकत्र आली की स्क्रूभोवती गंज चढतो, भोक मोठं होतं, स्क्रू नुसता फिरतो. आधीच्या मालकांपैकी कोणीतरी तिथे सिलिकॉन भरलेलं असतं. काढून टाका, शेवटच्या कणापर्यंत. सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना जे आम्ल सोडतं ते पोलादाला गंजवतं. पत्रा साफ करा, इपॉक्सी प्रायमर द्या, भोकं भरून पुन्हा पाडा, पट्टीखाली ब्युटिल टेप (मऊ, चिकट सीलिंग पट्टी) घाला, स्क्रू स्टेनलेस वापरा.

आता खुद्द कापड. धुवायचं की बदलायचं, हे डागांवरून ठरवू नका. घडीच्या रेषेवर, जिथे वर्षानुवर्षं ऊन लागलंय, तिथे दोन हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा. कागदासारखं करकरलं किंवा फाटलं तर ते संपलंय, त्यावर वेळ घालवू नका. टिकलं तर कोमट पाणी, मऊ ब्रश आणि साधा साबण. कपड्यांची पावडर नको, ती धाग्यात राहते आणि पुढे पाणी अडत नाही. ब्लीचने डाग जातो आणि शिवणीचा दोराही जातो. बुरशी मेली तरी काळपट छटा राहील, ती राहू द्या. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे शिवणीसुद्धा वाळल्यावर, कॅनव्हासचं जलरोधक द्रव्य मारा. पाणी शिंपडल्यावर थेंब गोल राहून घरंगळले की झालं.

नवं बसवायचं ठरलं तर जुनं काढण्याआधी त्याचे भरपूर फोटो घ्या, कोपऱ्यांचे जवळून. छतावर आणि बॉडीवर पुढचा-मागचा मध्य पेन्सिलीने खुणा, नव्या कापडावरही तसाच मध्य खुणा. मध्यापासून कोपऱ्यांकडे जायचं. एका कोपऱ्यातून सुरुवात केली की शेवटच्या कोपऱ्यात चार बोटं कापड उरतं किंवा कमी पडतं, आणि मग झिप तिरकी बसते. प्लास्टिकचा थर असलेलं कापड बसवण्याआधी उन्हात पसरून मऊ करा. सुती असेल तर बसवल्यावर एकदा चिंब भिजवून ताणलेल्या स्थितीतच वाळवा. धागे फुगतात आणि सुईची भोकं बुजतात. पहिल्या भिजवणीत शिवणीतून थोडं पाणी आलं म्हणून कोणाशी भांडू नका.

छत वर टिकत नाही याचं कारण बहुधा स्ट्रट. नळीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो, तोच घ्या, आणि दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर छत पिळलं जातं. स्ट्रट काढण्याआधी छताला आतून भक्कम लाकडी टेकू द्या, दोन्ही बाजूंना. हात मध्ये घालून "धरतो मी" म्हणणारा माणूस टेकू नव्हे. थंडीत स्ट्रटचा जोर कमी होतो, म्हणून थंड सकाळी छत थोडं आळशीपणा करेल, ते दुखणं नव्हे. सोलर पॅनल वर बसवायचं मनात असेल तर त्याचं वजन आताच हिशोबात धरा. जास्त जोराचे स्ट्रट लावून वजन उचलता येतं खरं, पण तो जोर बिजागरीच्या बोल्टवर आणि फायबरवर पडतो. बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतायत का बघा. दिसल्या तर ती नुसती रंगाची तड नाही. आतल्या बाजूने सँडपेपरने घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, काचेच्या तंतूंच्या मॅटचे थर आणि रेझिन द्या, बोल्टखाली रुंद धातूची पट्टी घाला. वरून पुट्टी फासून ती भेग लपते, जुळत नाही.

बॉडीच्या जोडांचं. टी-३मध्ये पत्र्यांच्या जोडात कारखान्यातून सीलर भरलेलं असतं. ते काळाने कडक होतं, आकसतं, तडकतं, आणि पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये जाऊन बसतं. म्हणजे तुम्हाला जो फुगवटा दिसतोय तो आतून आलाय. वरून घासून रंग मारला तर काही महिन्यांत परत येईल. जुनं सीलर टोकदार हत्याराने खरवडून पूर्ण काढा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर, मग पॉलियुरेथेन सीम सीलर, मग रंग. गंज बदलणारं रसायन पातळ, घट्ट गंजावर काम करतं. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ते फक्त रंग बदलतं. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, आरपार गेला तर तिथे वेल्डिंगच. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, जवळची इंधनाची लाइन आणि आतलं इन्सुलेशन काढा.

आणि आता ओट्यामागे. फ्रीजची बाहेरची जाळी, पाणी भरायचं तोंड, विजेचं सॉकेट, ही सगळी पत्र्यात कापलेली भोकं आहेत आणि प्रत्येकाची गॅस्केट गाडीइतकीच जुनी आहे. त्यामागे काचलोकर असेल तर ती भिजून पत्र्याला चिकटून राहते. पिळून बघा. खाली सिलच्या, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीच्या, निचऱ्याची भोकंही तारेने मोकळी करा. ओटा काढल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही, म्हणून तर म्हटलं की नवा इतक्यात बसवू नका. दोन-तीन जोरदार पाऊस कोरडे जाऊ द्या, मग सगळ्या पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारा आणि खुशाल प्लाय कापा. एमडीएफ मात्र नको, ते ओलाव्याने फुगतं आणि जडही असतं.

गॅसबद्दल मी फक्त दोन गोष्टी सांगेन, बाकी परवानाधारक माणसाला करू द्या. रबरी नळी आणि रेग्युलेटर नवे. आणि गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गाडीच्या तळात त्याला खाली जायला भोक ठेवलेलं असतं. नवं लिनोलियम टाकताना ते हमखास बुजवलं जातं. ते शोधा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीवर लावा.

शेवटी फ्रीज. तो शोषण पद्धतीचा (कॉम्प्रेसर नसलेला, उष्णतेवर चालणारा), तीन मार्गांवर चालणारा असेल: १२ व्होल्ट, घरची वीज आणि गॅस. आधी गाडी सपाट उभी करा, तिरकी असेल तर चांगला फ्रीजही थंड होत नाही. मग घरच्या विजेवर रात्रभर ठेवा, कारण त्यात बिघडायला सगळ्यात कमी गोष्टी आहेत. मागचा खालचा भाग गरम झाला आणि सकाळी आत गार लागलं, तर यंत्रणा जिवंत आहे. मग दोष बर्नरमध्ये: धुराड्यातून गंजाचे कण खाली पडतात, जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडात, कोळी जाळं करतो. जेट सुईने टोचू नका, भोक मोठं होतं. स्पिरिटमध्ये भिजवून फुंकर मारा. मागे पिवळट भुकटी किंवा अमोनियाचा वास आला तर फ्रीज गेला, तो भरून मिळत नाही.

१२ व्होल्टवर तो फक्त गाडी चालू असतानाच चालवायचा. साधारण १०० वॅट म्हणजे ८ अ‍ॅम्पिअर, म्हणजे आतल्या उपकरणांसाठीची १०० अ‍ॅम्पिअर-तासांची दुसरी बॅटरी सहाएक तासांत निम्मी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी त्याखाली नेली की तिचं आयुष्य भराभर घटतं. काही वेळ न वापरलेल्या बॅटरीवर मीटर १२.७ व्होल्ट दाखवतो तेव्हा ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. कॉम्प्रेसरचा फ्रीज घेतलात तर हिशोब पुष्कळ बरा होतो. पण मग जुन्या फ्रीजच्या बाहेरच्या जाळ्या तशाच सोडू नका. पाणी आत यायला त्यांच्याइतकी सोयीची वाट नाही. त्या जागी पत्रा बसवा किंवा आतून सील केलेली झाकणं लावा. नव्या फ्रीजच्या मागे हवा खेळायला गाडीच्या आतल्या बाजूने जागा ठेवा, आणि बॅटरीपासून निघणाऱ्या वायरचा फ्यूज बॅटरीपाशी लावा, फ्रीजपाशी नाही.