लॉ सीईटीच्या (कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या) न्यूट्रिनोवरच्या सराव प्रश्नात 'गृहीतक', म्हणजे युक्तिवादात न सांगता धरून चाललेली गोष्ट, कोणतं?

'मापन अचूक होतं' हा पर्याय बरोबर. तुमच्या प्रश्नातला युक्तिवाद असा: सापेक्षता सिद्धांत खरा तर निर्वातात प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही, प्रयोगात न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म मूलकण) प्रकाशापेक्षा वेगवान दिसले, म्हणून सिद्धांत खोटा. 'दिसले' आणि 'होते' यांतली फट हा पर्याय बुजवतो. उलटं करून बघा: मापन चुकलं असेल तर निष्कर्ष कोसळतो. दादरला विरार फास्ट वेळेआधी आली तर आपण आधी घड्याळच बघतो ना! (२०११च्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं दिसलं, नंतर मापनयंत्रणेतली ऑप्टिकल फायबरची जोडणी सैल निघाली.) 'न्यूट्रिनोला वस्तुमान असतं' या दुसऱ्या पर्यायातलं विधान खरं, पण इथे बिनकामाचं. लॉ सीईटीसाठी फिजिक्स उघडत बसू नका.