कटऑफमधला कुठला कॉलम तुझा?

प्रश्न : ताई नमस्कार, घर आमचं सोलापूरला पण अकरावी-बारावी मी लातूरला केली. सीईटीला पीसीएममध्ये ९६ च्या आसपास पर्सेंटाइल आहे, ओबीसी, नॉन क्रिमीलेयर काढलेलं आहे. कॉम्प्युटरच करायचंय, शक्यतो पुण्यात. पप्पा म्हणतात मिळतील अशीच कॉलेजं वर टाक, उगाच सीओईपी-पीआयसीटी टाकून राउंड वाया घालवू नकोस. जेईई मेन पण दिलीय, तर जोसाचं (एनआयटी, ट्रिपल आयटीच्या देशपातळीवरच्या प्रवेशाचं) काय करू?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : पप्पांना सांग, वर मोठं कॉलेज टाकलं म्हणून राउंड वाया जात नाही. मेरिटप्रमाणे तुझा नंबर आला की सिस्टिम तुझी यादी वरून खाली बघत येते आणि जिथे पहिली जागा शिल्लक सापडते ती देते, सीओईपी नाही मिळालं तर पुढचं, ते नाही तर त्याच्या पुढचं, त्यात तुझं काहीच कापलं जात नाही.

खरी गोची आहे ऑटो फ्रीझची. २०२५ पासून चार कॅप राउंड, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या, त्यात पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काहीही लागलं की तेच फायनल, पुढच्या राउंडला जाता येत नाही. म्हणजे पप्पांचं ऐकून "मिळेल असं" कॉलेज वर टाकलंस तर तेच गळ्यात पडणार! पहिल्या सहात फक्त मनापासून हवं तेच टाक. यंदाचं माहितीपत्रक मात्र एकदा वाचून घे, नियम बदलत असतात.

आता कटऑफची पीडीएफ उघड. जीओपीईएनएच, एलओबीसीओ असले कोड दिसतील. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची जागा, मधे कॅटेगरी, आणि शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. होम युनिव्हर्सिटी घरावरून नाही, बारावी कुठे केली त्यावरून ठरते, त्यामुळे तुझी नांदेडची स्वामी रामानंद तीर्थ, सोलापूरची नाही आणि पुण्याची तर नाहीच. पुण्याच्या बहुतेक कॉलेजांत तू ओ चा कॉलम बघायचास, सीओईपीला एस चा. लातूरला शिकायला गेलेली कितीतरी मुलं एच चा आकडा बघून खूश होतात आणि मग राउंडच्या दिवशी रडारड.

फी बद्दल तू विचारलं नाहीस तरी सांगते. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर जुलै २०२४ च्या जीआरनुसार कॅपमधून आलेल्या ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, मग टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफ असलेल्या वेगळ्या जागांच्या) चढ्या कटऑफच्या मागे लागायची तुला गरजच नाही. हॉस्टेल-मेसचा खर्च मात्र धरून चाला.

जोसाचा फॉर्म भरच, दोन्ही प्रक्रिया वेगळ्या आहेत. बारावी महाराष्ट्रात केल्यामुळे नागपूरच्या व्हीएनआयटीच्या निम्म्या, होम स्टेटच्या जागा तुला खुल्या आहेत, ट्रिपल आयटी पुण्याला मात्र अख्ख्या देशाशी स्पर्धा. जोसाला राज्याचं नॉन क्रिमीलेयर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं आणि यंदाच्या १ एप्रिलनंतरचं लागतं, जातही केंद्राच्या यादीत हवी. बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये असणं पण बघतात. दाखला आत्ताच काढायला टाक, सेतूत जूनमध्ये उभं राहायला जागा नसते.

ब्रँचचं म्हणशील तर चांगल्या कॉलेजचं आयटी हे मी साध्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या वर ठेवीन, एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स) नावाला भुलू नकोस.

प्रश्न : मुलाची सीईटी बिघडली. बीएससी कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर वर्ष वाया जाईल का?
– एक पालक, सातारा

उत्तर : अजिबात नाही हो. बीएससीला सीईटी सेलची परीक्षा लागत नाही, बीसीएला मात्र २०२४ पासून लागते, म्हणून "बीसीए बघू नंतर" म्हणून बसू नका. तीन वर्षं नीट केली की पुढे दोन वर्षांचं एमसीए आहेच. फक्त मुलाचं बारावीला गणित होतं ना, ते सांगा, कारण बारावीत किंवा डिग्रीत कुठेच गणित नसेल तर एमसीएला अडू शकतं.