भरतीत १०० मीटर धावण्याआधी स्ट्रेचिंग करावे का?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत धावण्याआधी स्ट्रेचिंग केल्याने वेग घटतो का, असे आपण विचारले आहे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा सराव मी घेतो, त्या अनुभवावरून सांगतो की ही गोष्ट अर्धीच खरी आहे.

कठड्यावर पाय ठेवून मांडीचा मागचा स्नायू मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ ताणून धरला, तर त्यानंतर काही मिनिटे त्याची झटक्यात जोर लावण्याची क्षमता थोडी कमी होते. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१६ सालच्या एका आढाव्यात असा ताण स्थिर धरून ठेवल्याने (वेळ कमी असो वा जास्त, सगळे मिळून) कामगिरीत सरासरी ३.७ टक्के घट, तर पाय झुलवणे, चालत लंजेस घेणे (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) अशा हालचालींसह दिलेल्या ताणाने १.३ टक्के वाढ दिसली. मात्र ही मोजमापे बहुतेक ताण दिल्यावर लगेचच घेतलेली होती. ताण मिनिटापेक्षा कमी असेल तर घट साधारण एका टक्क्यावर येते, आणि त्यानंतर धावून अंग गरम केले तर तीही फारशी उरत नाही. त्यामुळे ज्याला पोटऱ्या आखडल्यासारख्या वाटतात, त्याने पंधरा-वीस सेकंद ताण देण्यास माझी हरकत नसते.

खरा फरक पडतो तो वॉर्म-अपने. स्नायूंचे तापमान वाढले की ते अधिक वेगाने आकुंचन पावतात, आणि १०० मीटरसारख्या काही सेकंदांच्या धावेत त्याचा थेट लाभ होतो. भरतीत अडचण वेगळीच असते: पहाटे मैदानात घेतात, मग कागदपत्रे, उंची-छाती, चेस्ट नंबर असे करत उमेदवार तासन्‌तास बसून राहतो आणि पहाटे गरम केलेले अंग पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा थंड होऊ लागते. म्हणून आपल्या बॅचची हाक जवळ आली की पाच-सात मिनिटे हलके धावावे, गुडघे उंच उचलावेत, पाय झुलवावेत आणि जागा मिळाल्यास वेग वाढवत नेणाऱ्या चाळीस-पन्नास मीटरच्या दोन-तीन धावा घ्याव्यात, ट्रॅकसूट रांगेत उभे राहीपर्यंत काढू नये, आणि रांगेतही जागच्या जागी उड्या मारत राहावे. १६०० मीटरच्या लांब धावेआधी मात्र त्या वेगवान धावांपैकी एखादीच पुरे, कारण तेथे दम राखून ठेवणे अधिक महत्त्वाचे असते.